बैठकीला गेलेली कात्री

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका, बाकीचं मग. आमचा मास्तर मला कागदावर चालवतो. एकदा चुकून नव्हे, दर महिन्याला, राजरोस, वर माझ्याकडे बघून हसतो. आता तुम्ही म्हणाल, कात्रीने कागद कापायचा नाही तर काय करायचं? असं म्हणणाऱ्याला मी आमच्या दुकानाची पायरीसुद्धा चढू देणार नाही.

मी एक जुनी कात्री आहे. कापडाची कात्री. लांबी दहा इंच, मूठ काळी, आणि पाती अशी की मऊसूत कापडावर ठेवली तरी ते आपणहून दुभंगावं. कागद वरून दिसतो गुळगुळीत, पण आतून खरखरीत असतो आणि धार खातो. चार दिवस कागद कापला की पाचव्या दिवशी कापड माझ्या तोंडात चघळलं जातं, कापलं जात नाही. हे मास्तरला मी सांगायची गरज नाही. त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. तरी करतो. का करतो, ते पुढे येईल.

मी काही शिकलेली नाही. शाळेत मी एकदाच गेले, तीही पिशवीतून. पण माझं म्हणणं सरळ असतं, कारण वाकडं चालायची मला सवयच नाही.

एका लोहाराने मला घडवलं. दोन पाती वेगवेगळी तापवली, वेगवेगळी ठोकली, आणि एका खिळ्याने एकमेकींना जन्माची बांधून टाकली. तेव्हापासून आम्ही एकमेकींवर घासतो, म्हणून तर दोघींची धार टिकते. मग मी एका दुकानाच्या काचेच्या कपाटात पडले होते. एक दिवस एक तरणी बाई आली. तिने माझ्या मुठीत अंगठा घातला, हवेत दोनदा उघडमीट केली, कानाशी धरून आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाली, "हिची जीभ माझ्यासारखी आहे. हीच द्या."

तीच ही मास्तरची आई. सगळी गल्ली तिला मोठ्या बाई म्हणते. मी नुसतं बाई म्हणते, कारण आम्ही दोघी बरोबरीच्या.

बाईची शाळा दोन इयत्तांची. अक्षरावर बोट ठेवून वाचते, तेही ओठ हलवत. मापं लिहायला नकोत म्हणून दोरा घ्यायची आणि त्याला गाठी मारायची. छातीला एक गाठ, कमरेला दोन, बाहीला तीन. खिळ्यांवर असे दोरे टांगलेले असायचे, आणि कुठला दोरा कुणाचा हे ती अंधारातही सांगायची. नवरा लवकर गेला. मला हातात धरून तिने मुलगा वाढवला. गिऱ्हाईक चुकलं तर गिऱ्हाइकाला झापायची, कापड वाईट असलं तर कापडाला. "हे कापड आहे की गाळणं?" असं तिने एकदा भल्या गृहस्थाच्या तोंडावर विचारलं होतं. तो गृहस्थ पुढे वीस वर्षं तिच्याकडेच कपडे शिवत राहिला.

मुलाने मला हातात घेतलं तेव्हा त्याचा अंगठा मुठीत सैल पडायचा. पुढे पुढे तो असा बसला की मला वाटायचं, लोहाराने मूठ याच अंगठ्यावर घडवली असावी. हात तर काय विचारता! खडूची रेघ ओढली की शर्टाचा पुढचा भाग एका दमात कापायचा, मला मधे कुठे उचलायचा नाही. चर्रर्र असा एकच लांब आवाज. तो ऐकायला माणसं दारात थांबायची. लोक त्याला मास्तर म्हणू लागले. बाई मात्र तोंडावर कधी चांगलं बोलली नाही. "बरं आहे" एवढंच. पण संध्याकाळी मला तेल लावताना गुणगुणायची. मला कळायचं.

मग दारू आली. मित्रांनो, ती दार वाजवून येत नाही. आधी काम संपल्यावर यायची, मग काम अर्ध्यात असताना, मग कामाच्या आधी. सकाळी मास्तरचा हात थरथरू लागला. माझी मूठ त्याच्या बोटात टिकटिक करायची, समोरच्या घड्याळजीच्या दुकानातल्यासारखी. दोन घोट घेतले की हात थांबायचा. यालाच तो भुलला. ज्याने हात हलतो, त्यानेच तो थांबतोय असं त्याला वाटत राहिलं.

बाईला वास यायचा. ती बोलायची. सूनबाई काजं-बटणं करत मान खाली घालून ऐकायची. बाई एवढं बोलायची की शब्दांच्या चिंध्या जमिनीवर पडायच्या. मी मनात म्हणायचे, बोल, अगदी बरोबर बोलतेस. माझा स्वभाव पडला कापण्याचा.

एक दिवस दवाखान्यातल्या सिस्टर कापड घेऊन आल्या. करडं, जाड, सुलट बाजू चमकदार, उलट बाजू खरखरीत. त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या कोटासाठी घेतलं होतं आणि शिवायच्या आधीच ते गेले. "मी वापरीन म्हणते," सिस्टर म्हणाल्या. "एकाच कोटापुरतं आहे. जपून."

कोटाचे पुढचे भाग दोन. एक डावा, एक उजवा. एक कापला की नमुना उलटा ठेवायचा आणि दुसरा कापायचा. मास्तरने त्या दिवशी तीन वेळा घोट घेतला आणि नमुना उलटलाच नाही. दोन्ही भाग डावे. मी त्याच्या हातात होते. मी कापत होते आणि मला कळत होतं. पण कात्री थांबत नाही, हात थांबवतो.

सिस्टर आल्या तेव्हा ते दोन डावे तुकडे टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. मास्तर भिंतीकडे बघत उभा. सिस्टर रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. तुकड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माझ्या वडिलांचा हात असाच थरथरायचा. ते मदतीला कुणाकडे गेले नाहीत. तुम्ही जा." मग चिठ्ठीवर काहीतरी लिहून त्याच्या खिशात सरकवलं. बाईला वाटलं, औषध लिहून दिलं. तसं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं.

सिस्टर गेल्यावर बाईने हात पुढे केला. "आण ती इकडे."

"आई, धंदा कसा करू मग?"

"दोन्ही अंगांनी डावं असलेलं गिऱ्हाईक शोधून आण, मग कर धंदा. तोवर हिला हात लावायचा नाही."

आणि मी तिच्या पिशवीत गेले. तिथे चष्मा होता, किल्ल्या होत्या, गाठीचा एखादा जुना दोरा होता. बाईच्या डोळ्यांना आता खडूची रेघ दिसत नाही, त्यामुळे कापायला कुणीच उरलं नाही. दुकानात नुसत्या पँटी आखूड व्हायच्या आणि चेन बदलल्या जायच्या. त्याला धाकटी कात्री पुरते. बेतायचं मोठं टेबल रिकामं पडलं. मित्रांनो, गंज हा पाण्याने चढतो असं तुम्हाला वाटतं. मला विचारा. तो रिकामपणानेही चढतो.

महिना-दीड महिना गेला असेल. सूनबाई एकदा हळूच म्हणाली, "आई, यांच्या तोंडाला हल्ली वास येत नाही."

"पुदिन्याच्या गोळ्या खात असेल," बाई म्हणाली. विषय संपला.

मग एका शुक्रवारी घड्याळजी दारात आला. डोळ्याला लावायचं भिंग त्याने कपाळावर सरकवलं होतं, म्हणजे बातमी मोठी होती. "मोठ्या बाई, राग मानू नका. मास्तर मंगळवारी-शुक्रवारी कुठे जातो, ठाऊक आहे? मी आज विचारलं. तर म्हणाला, बैठक आहे."

"काय आहे?"

"बैठक."

आता मित्रांनो, आपल्या भाषेत हा शब्द फार लबाड आहे. मोठी माणसं गंभीर चेहऱ्याने जमतात तीही बैठक, आणि मधे बाटली ठेवून चार जण गोल बसतात तीही बैठकच. "आज बसायचं का?" असं कुणी डोळा मिचकावून विचारलं, तर तो काही खुर्ची पुढे करत नसतो. बाईला यातला एकच अर्थ ठाऊक होता.

तिने पिशवी उचलली. मी आत होतेच. "कुठे आहे ही बैठक?"

"शाळेकडे वळताना पाहिलं मी."

"शाळेत?" बाई म्हणाली, आणि मला तिच्या बोटांची पकड पिशवीवरूनच जाणवली.

शाळेचं पुढचं फाटक बंद होतं. रखवालदाराने मागच्या बाजूला हात केला. मागच्या इमारतीत तीन नंबरच्या खोलीत दिवा होता. बाईने दार ठोठावलं नाही. ते तिच्या स्वभावात नाही.

ती बालवर्गाची खोली होती. फळ्यावर सकाळचे आकडे तसेच. आणि त्या इवल्या इवल्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून दहा-बारा मोठी माणसं बसलेली. मधल्या टेबलावर काचेचे ग्लास, आणि ग्लासात तांबूस सोनेरी काहीतरी. मी पिशवीच्या तोंडातून डोकावत होते. मलासुद्धा वाटलं, झालं, संपलं सगळं.

"लाज नाही वाटत?" बाई कडाडली. "लेकरांच्या बाकांवर बसून पिता?"

एक लठ्ठ माणूस घाबरून उठला, तर बाकही त्याच्याबरोबर उठला. कडेला एक उंच बाई बसल्या होत्या. त्या बसमध्ये कंडक्टर होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. आवाज असा की शेवटच्या सीटपर्यंत पोचावा. त्या म्हणाल्या, "आई, आत या. दारात उभं राहू नका, मागच्यांना जागा होत नाही."

बाईने ऐकलंच नाही. तिने सरळ एक ग्लास उचलला आणि नाकाशी नेला. हुंगला. पुन्हा हुंगला.

"हे काय आहे?"

"चहा."

"दूध कुठंय?"

"नासलं आज."

चहा निघाला म्हणून बरं वाटून घ्यावं की बिनदुधाचा निघाला म्हणून रागवावं, हे बाईला कळेना. तेवढ्यात तिला मास्तर दिसला. तो फळ्याजवळ उभा होता, बोलता बोलता थांबलेला, चेहरा खडूसारखा पांढरा.

कंडक्टरबाई म्हणाल्या, "इथे नाव विचारत नाहीत, आणि इथलं बाहेर नेत नाहीत. इथे बसायचं म्हणजे नुसतं बसायचं. मास्तर, तुम्हाला नको असेल तर आई बाहेर थांबतील."

मास्तरने आईकडे पाहिलं. "राहू द्या," तो म्हणाला. "ऐकू दे तिला."

बाई बसली. बाक इतका ठेंगणा की पिशवी जमिनीला टेकली, आणि मी जमिनीवरून ऐकलं.

मास्तर म्हणाला, "मी पहिल्यांदा आलो तेव्हा पुढचं फाटक बंद होतं. पाटी नव्हती. कोपऱ्यावरच्या सिगारेटवाल्याला विचारलं, इथे बैठक कुठे असते? त्याने माझा हात बघितला, कसा थरथरतोय तो. बिचाऱ्याने इतक्या मायेने मला नाक्यावरच्या बारचा रस्ता दाखवला! शॉर्टकट सुद्धा सांगितला. मी गेलो. म्हटलं, नशिबातच दिसतंय."

खोली हसली. मित्रांनो, हसण्याचे प्रकार असतात. हे हसणं त्यांचं होतं ज्यांना तो शॉर्टकट पाठ होता.

"दुसऱ्या वेळी मागच्या फाटकापर्यंत आलो. आतून हसण्याचा आवाज आला आणि परत फिरलो. वाटलं, माझ्यावरच हसतायत. तिसऱ्यांदा आत आलो, शेवटच्या बाकावर बसलो, काही बोललो नाही. कुणी विचारलंही नाही. फक्त चहा दिला." तो थांबला. "आज सांगायचंय ते वेगळंच आहे. इस्त्रीच्या आधी कपड्यांवर पाणी मारायची बाटली असते ना, फवाऱ्याची? मी त्यात दारू भरून ठेवायचो. एकदा आईने तीच उचलून एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर मारली. वास सुटला. तिला वाटलं, तिचंच चुकलं. म्हातारपणामुळे आपण भलतीच बाटली उचलली, असं म्हणून तिने तो शर्ट तीनदा धुतला. मी उभा राहून बघत होतो. मी सांगितलं नाही." त्याने श्वास घेतला. "आज न पिता एकेचाळिसावा दिवस."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लठ्ठ माणसाने नुसती मान हलवली. तेवढं पुरे होतं.

कंडक्टरबाईंनी विचारलं, "आई, काही बोलता?"

बाई उठायला गेली, जमेना, मग बसल्या बसल्याच बोलली. "मला वाटलं, हा बसायला येतो."

खोली पुन्हा हसली. बाईला हसलेलं खपत नाही, पण त्या दिवशी खपलं. "हसता काय? आधी नाव बदला हे. बैठक म्हणे! घरच्या माणसाने काय समजायचं?"

"वीस वर्षं हेच नाव आहे, आई."

"वीस वर्षं चूक केली म्हणजे ती बरोबर होते होय?"

दोघं घरी परतली. दुकानाच्या पायरीवर बाई थांबली. "एकेचाळीस म्हणालास?"

"हो."

"शंभर झाले की कात्री."

झालं, मीही मोजायला लागले. पिशवीत दुसरं काम तरी काय होतं? पन्नास झाले, साठ झाले. सहासष्टाव्या दिवशी मास्तर नेहमीप्रमाणे निघाला. त्या दिवशी सकाळीच एका जुन्या गिऱ्हाइकाने त्याला तोंडावर सांगितलं होतं की आता कोट दुसरीकडे टाकतो. तो दिवसभर संध्याकाळी सहाच्या बैठकीची वाट बघत राहिला. शाळेत गेला तर मागच्या फाटकालाही कुलूप. परीक्षांसाठी खोल्या बंद ठेवलेल्या. पाटी नाही, चिठ्ठी नाही. त्याला वाटलं, ती माणसं आपल्याला न सांगता उठून गेली. आणि नाक्यावरच्या बारचं दार उघडंच होतं.

तो घरी आला तेव्हा बाई उंबऱ्यात होती. तिने नाक वर करायच्या आत तो म्हणाला, "आई, मी पिऊन आलोय."

बाई उंबऱ्यातून बाजूला झाली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाली. आधी दवाखाना. सिस्टरना म्हणाली, "ती माणसं कुठे गेली?" सिस्टर म्हणाल्या, परीक्षा संपेपर्यंत वाचनालयाच्या मागच्या खोलीत. बाई वाचनालयात गेली, बोट ठेवून पाट्या वाचल्या, दोन चुकीची दारं उघडली आणि तिसरं बरोबर. कंडक्टरबाई आत खुर्च्या मांडत होत्या. संध्याकाळची तयारी.

"माझ्या मुलाला कळवलं नाहीत?"

"सगळ्यांना फोन केले, आई. मास्तरांच्या नंबरावर चारदा केला. तो बर्फाच्या कारखान्यात लागतो. तिथला माणूस आता आमचा आवाज ओळखून शिव्या देतो."

बाई घरी आली. मास्तर रिकाम्या टेबलाशी बसला होता. "नंबर खोटा दिलास?"

"सुरुवातीलाच एक आकडा बदलला."

"का?"

मास्तर टेबलाच्या कडेला नखाने कोरत राहिला. "दुकानात फोन आला असता. तू उचलला असतास."

एवढंच. मित्रांनो, मी बाईला इतकी वर्षं ओळखते. ती गप्प असते ती फक्त सुई ओवताना. त्या दिवशी तिच्या हातात सुई नव्हती. मला वाटतं तिला ते दिसलं, जे मलाही तेव्हाच दिसलं. धार कापडासाठी असते. आम्ही दोघींनी ती सगळीकडे चालवली, आणि घरचं माणूस आकडा बदलून लपायला लागलं. त्याने प्यायली ती त्याने प्यायली, ते आमच्या माथी नाही. पण तो आकडा थोडा आमच्याही माथी आहे.

"चल," बाई म्हणाली.

"कोणत्या तोंडाने जाऊ?"

"ह्याच तोंडाने. दुसरं आणलंयस का कुठून?"

ती त्याला वाचनालयात घेऊन गेली. तो उभा राहिला, आणि चढते आकडे म्हणायची सवय झालेल्या त्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं, "पुन्हा एकपासून मोजतोय." कुणाचं तोंड वाकडं झालं नाही. लठ्ठ माणूस म्हणाला, "माझा पाचव्यांदा एक झाला होता. चहा घ्या." मग मास्तरने फोनचा खरा नंबर सांगितला. कंडक्टरबाईंनी तो मोठ्याने दोनदा म्हणून घेतला, तिकिटाच्या नंबरासारखा.

बाहेर आल्यावर बाईने पिशवीत हात घातला आणि मला त्याच्या हातात ठेवलं.

"शंभर झाले नाहीत, आई."

"मला मोजता येतं. तू उंबऱ्यात आपणहून सांगितलंस. त्याबद्दल ही." मग लगेच आवाज चढवला, कारण मऊ बोललेलं तिला फार वेळ सोसत नाही. "पण गिऱ्हाइकाचं कापड नाही अजून. रोज एक चिंधी. रेघेवरून सरळ कापायची. वाकडी गेली तर दुसरी."

त्याचा अंगठा माझ्या मुठीत आला. थोडा थरथरत होता. असू दे, म्हटलं. आपण दोघेही गंजलेले आहोत.

आणि मित्रांनो, घरी येऊन या माणसाने माझ्याकडून पहिली गोष्ट कापली ती काय? कागद! ताव घेतला आणि मोठे मोठे बाण कापले. बाई समोर बसून ताव ताणून धरत होती, जिने उभ्या जन्मात मला कागदाजवळ ठेवलं नव्हतं तीच. बाणांवर काय लिहायचं यावरून सुनेशी हुज्जत घातली. शेवटी बाईचंच चाललं. सूनबाईने लिहिलं, "दारू सोडायची आहे? इकडे या. चहा आहे." बैठक हा शब्द बाईने लिहू दिला नाही. एक बाण शाळेच्या फाटकाला, एक वाचनालयाला, एक बसथांब्यावर, एक घड्याळजीच्या काचेवर. ऊन-पावसाने बाण विरतात, खोली बदलते, मग पुन्हा नवे. दर महिन्याला माझी धार जाते आणि दर महिन्याला मास्तर ती लावून आणतो. तक्रार माझी खरी आहे, मागे घेणार नाही. पण कुणाला एक दार सापडावं म्हणून धार गेली, तर ती कुठे गेली ते मला ठाऊक असतं.

तुम्हाला एक सांगते. तुमच्या घरात कात्री असेल तर तिला उघडी टाकू नका, तेल द्या, ओलीत ठेवू नका. आणि एखादा माणूस दाराशी येऊन परत फिरताना दिसला तर त्याच्याकडे बघून हसू नका. त्याला रस्ता विचारायलासुद्धा फार बळ लागलेलं असतं. ठाऊक असेल तर नीट सांगा. नसेल तर ठाऊक असणाऱ्याला हाक मारा.

चिंध्या संपल्या, मग अस्तर आलं, मग शर्ट. आणि आज सिस्टर पुन्हा कापड घेऊन आल्या. हे नवं, वडिलांचं नव्हे. "कोट मला हवाच आहे," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळपर्यंत बेतून ठेवाल?" मास्तरने कापड छातीशी धरलं. त्याने मान डोलावली.

दुपारी त्याने कापड पसरलं. बाई स्टुलावर बसली, पहारेकऱ्यासारखी. एक पुढचा भाग कापून झाला. नमुना उलटला. खडू ओढला. मी दुसऱ्या भागात शिरले, खांद्यापासून खाली येत होते, चर्रर्र असा तो जुना आवाज पुन्हा निघत होता, आणि दारात एक माणूस उभा राहिला.

बसड्रायव्हर होता, गणवेशात. काखेत घडी केलेली पँट. "जरा आखूड करायची होती."

मास्तरने मला तसंच कापडात ठेवून टेप घेतली. पँट मोजली, मग माणसाला मोजलं. "ही घोट्याच्या वरच आहे. अजून किती आखूड?"

"तुम्हीच बघा," ड्रायव्हर म्हणाला. त्याचे डोळे पँटवर नव्हते. समोरच्या घड्याळजीच्या काचेवरचा बाण वाचत होते. हात पँटच्या घडीवर ठेवलेला, आणि घडी थरथरत होती. "कामात आहात तुम्ही. उद्या येतो मी."

शुक्रवार होता. साडेपाच झाले होते. उद्या येतो म्हणणारी माणसं कुठे जातात, ते मास्तरला ठाऊक होतं. नाक्याचं दार इथून शंभर पावलांवर.

"थांबा," मास्तर म्हणाला. "मीही तिकडेच निघालोय. बाण आहे, पण रस्ता जरा फसवा आहे. बरोबरच जाऊ."

आणि त्याने मला अर्ध्या कापावर सोडलं. पाती उघडी, कापड अर्धं जोडलेलं, अर्धं सुटलेलं. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. कापड सरकलं तर सिस्टरचा कोट पुन्हा गेला. माझं पातं रागाने तापलं. मास्तरलाही ते कळत होतं. तो दारात थबकला आणि भीत भीत आईकडे वळला.

बाईने दोन्ही तळवे कापडावर पसरले होते, घट्ट, ते तसूभरही हलू नये म्हणून. तिने ड्रायव्हरकडे पाहिलं, त्याच्या त्या आखूड पँटकडे पाहिलं, मग मुलाकडे. माझ्या मनात जे होतं तेच ती बोलली, फक्त माझ्याहून चांगलं.

"अर्ध्या कापावर उठतोस? टेलर म्हणून तू अजून कच्चाच आहेस, हे मी उद्याही सांगेन आणि परवाही. पण माणूस नीट बेतलेला निघालास. आणि बेतला कुणी? मी! आता माझं तोंड काय बघतोस? तू येईतोवर मी हे धरून बसते. त्यांना घेऊन जा, आणि नाक्यावरून जाताना त्यांच्या डाव्या अंगाने चाल, म्हणजे ते दार त्यांना दिसायचं नाही."